नमुना चौदामधली मुलगी

नियुक्तीच्या आदेशात शेवटून दुसरी अट होती: रुजू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जमात वैधता प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल. महापालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका म्हणून अनुसूचित जमातीच्या जागेवर माझी निवड झाली होती. जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगचा, कोर्स बाबांनी कर्ज काढून, पूर्ण फी भरून खासगी संस्थेत करून घेतला होता, त्यामुळे पडताळणीची वेळ तोवर आलीच नव्हती. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाचीच पडताळणी झाली नव्हती. बाबा गोरेगावच्या एका कारखान्यात फिटर होते, तिथे हा कागद कुणी मागितला नाही. काका पाड्यावर शेती करतो आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातो. त्यालाही कधी गरज पडली नाही. म्हणजे घरातली पहिली फाईल माझी.

जातीचा दाखला आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. दाखला प्रांताधिकारी देतात, आणि तेही तुम्ही राहता तिथले नव्हे. ६ सप्टेंबर १९५० रोजी, म्हणजे अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर झाली त्या दिवशी, तुमचे वाडवडील जिथे राहत होते तिथले. म्हणून मालाडला जन्मून नालासोपाऱ्यात वाढलेल्या मला दाखला मिळाला तो डहाणूहून. वैधता देते ती तपासणी समिती. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घालून दिली, पुढे राज्याने कायदा केला, तो २००१ पासून लागू आहे. समितीसोबत दक्षता पथक असतं. त्यात पोलीस अधिकारी असतात, जमातींचा अभ्यास असलेले संशोधन अधिकारी असतात. पथक घरी येतं, मूळ गावी जातं, शाळेत जाऊन रजिस्टर बघतं. आणि समिती मुख्यतः दोन गोष्टी तपासते: १९५० च्या आधीच्या कागदांवर तुमच्या रक्ताच्या नातेवाइकाची जमात काय लिहिली आहे, आणि जमातीच्या चालीरीती, देवदेवता, बोली तुम्हाला किती माहीत आहेत. या दुसऱ्या भागाला आप्तभाव चाचणी म्हणतात.

बाबांची कागदांची पिशवी आम्ही फरशीवर उपडी केली. आश्रमशाळेचा सोडल्याचा दाखला निघाला, त्यावर ‘हिंदू वारली’ असं स्वच्छ लिहिलेलं. आयटीआयचं प्रमाणपत्र, माझा दाखला, भावाचा दाखला, काकाच्या नावावरच्या जमिनीचा सातबारा. सगळं १९५० नंतरचं. आजोबांचा एकही कागद नाही. ते शाळेत गेलेच नव्हते. कूळ म्हणून त्यांचं नाव जमिनीला लागलं तेही कूळकायद्यानंतर, १९५७ पुढे.

हे वाचणाऱ्याला वाटेल की एखाद्या घरात जुने कागद नसणं ही त्या घराची ढिलाई. आमच्याकडे ती ढिलाई नव्हती. पणजोबा सावकाराचे लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून काढलेलं थोडं कर्ज, आणि त्याच्या बदल्यात नवराबायकोने आयुष्यभर त्याच्या वाड्यावर, शेतावर राबायचं. डहाणू, उंबरगावच्या पट्ट्यात हे राजरोस चालत होतं. जमीन सावकाराची, झोपडी सावकाराच्या जमिनीवर, बैल सावकाराचा. अशा माणसाचं नाव कुठल्या सरकारी कागदावर येणार? १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेचा लाल बावटा या भागात आला, झरी गावात मे महिन्यात हजारो वारली जमले आणि वेठ बंद असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड त्यात गेला. त्याचं नाव आमच्याकडे अजून घेतात. पणजोबांनी सावकाराचा वाडा सोडला तो त्याच धामधुमीत. बायकोपोरांना घेऊन ते डहाणूच्या बाजूला आले, आताचा आमचा पाडा तेव्हाचा. हे सगळं मला आजीकडून तोंडी माहीत होतं. त्याचा पुरावा मागितला जाईल असं कधी वाटलं नव्हतं.

तोंडी इतिहास फाईलला जोडता येत नाही. मी डहाणूच्या तहसील कार्यालयात अर्ज केला, अभिलेख कक्षात गाव नमुना १४ बघायला मिळावा म्हणून. नमुना १४ म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. कुणी तिला कोतवाल बुक म्हणतात. जमात पडताळणीत हिच्याइतकं वजन दुसऱ्या क्वचितच कागदाला असतं, कारण ती त्याच वेळी, कुठलाही फायदा मनात नसताना लिहिली गेलेली असते. माणूस शाळेत गेला नाही, त्याच्याकडे जमीन नव्हती, तरी तो जन्मला आणि मेला याची नोंद कोतवालाने तोंडी कळवून का होईना, व्हायची. रकाने ठरलेले: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर कारण.

डहाणूत काही सापडलं नाही. पणजोबा तिथे आले ते उशिरा, आणि आमच्या पाड्याची त्या वर्षांची वही वाळवीने खाल्ली होती. अभिलेख कक्षातल्या शिपाईकाकांनी मला ती बाहेर काढून दाखवली. पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. ते म्हणाले, “बाई, तुमचं मूळ कुठलं ते आधी विचारा. इथे आले कुठून?”

आजी आता नाही. पण तिची नणंद, म्हणजे बाबांची आत्या, तलासरीकडे आहे. तिला गावाचं नाव माहीत होतं, ते आजच्या उंबरगाव तालुक्यातलं. आणि उंबरगाव आज गुजरातेत आहे.

शाळेत आपण १ मे १९६० घोकतो, पण एक रेघ मारली की त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकाच घरातली माणसं कशी पडतात, ते मला त्या दिवशी कळलं. उंबरगाव तालुका तोवर ठाणे जिल्ह्याचा भाग होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्यातली बहुतेक गावं गुजरातेत गेली, तलासरीकडची इकडे राहिली. आत्याच्या बापाचं गाव आणि तिचं सासर यांच्या मध्ये राज्याची हद्द आली. तिला त्याचं काहीच नाही. ती अजून लग्नाकार्याला चालत जाऊन येते. कागद मात्र तिकडेच राहिले.

उंबरगावच्या मामलतदार कचेरीत माझ्यासोबत आत्याचा मुलगा आला. त्याला गुजराती येतं. तिथले कारकून भले माणूस होते. त्यांनी जुन्या वह्यांचं कपाट उघडून दिलं, पण वाचू शकणार नाही म्हणाले, कारण त्या काळच्या वह्या मोडी लिपीत होत्या. ती मलाही येत नव्हती. आम्ही अंदाजाने त्या गावाच्या वह्या काढल्या, पानांचे फोटो काढायची परवानगी घेतली आणि मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग घेऊन ओळीवरून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. कितीतरी ओळी दुबळा, वारली, धोडिया, माछी अशा गेल्या. मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि पणजोबांचं नाव उच्चारलं.

ती मृत्यूची नोंद होती, १९४३ ची. बापाचं नाव, त्यापुढे जात वारली, मग ‘मुलगी’, वय दोन वर्षं, कारण ताप. मुलीचं नाव नाही. त्या वहीत लहान मुलांची नावं सहसा लिहीतच नसत. आजोबांना धाकटी बहीण होती हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्यालाही नाही. तिचा जन्म तर त्यानंतरचा. आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील, म्हणजे त्यांना आठवत असणार. ते कधी बोलले नाहीत. मी बाबांना फोन करून सांगितलं, तर ते बराच वेळ फक्त गावाचं नाव पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

त्या नोंदीची प्रमाणित नक्कल, तिचं मोडीतून देवनागरीत लिप्यंतर, कचेरीच्या गुजराती पत्राचा मराठी अनुवाद, वंशावळीचं शपथपत्र, आत्याचं शपथपत्र असं सगळं जोडून अर्ज ऑनलाइन भरला आणि मूळ कागद घेऊन समितीच्या कार्यालयात गेले. खिडकीवर पहिलाच प्रश्न आला: “हा परराज्यातला पुरावा आहे. चालणार नाही.” मी म्हटलं, साहेब, १९४३ साली ते परराज्य नव्हतं, ठाणे जिल्हाच होता. ते म्हणाले, आज आहे ना. माझ्या मागे रांग होती. मी तिथेच उभी राहून एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं की पुरावा ज्या काळचा आहे त्या काळी उंबरगाव मुंबई प्रांताच्या ठाणे जिल्ह्यात होतं, अर्जदाराचे पणजोबा १९५० च्या आधीच डहाणूत राहायला आले होते, तरी अर्ज दाखल करून घ्यावा. तो कागद त्यांनी फाईलला लावला. ज्यांचे नातेवाईक सीमेपलीकडे आहेत अशा तलासरी-डहाणूच्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते: तोंडी वाद घालू नका, लिहून द्या आणि पोच घ्या.

यानंतर वाट बघणं. ते सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही. सहा महिने उलटले, रुग्णालयाकडून मुदत वाढवून घेतली. रात्रपाळी संपवून घरी आले की झोप लागत नसे. माझ्यासोबत रुजू झालेल्या मुलींनी कायम नोकरीच्या भरवशावर घरं बुक केली. मी मोबाईलवर अर्जाची स्थिती बघत बसे. वॉर्डातली एक सीनियर सिस्टर चांगल्या मनाने म्हणायची, “अगं, तू तर अजिबात आदिवासी वाटत नाहीस.” तिला वाटायचं ती माझं कौतुक करते आहे. आणि मला वाटायचं, हेच वाक्य उद्या अहवालात आलं तर?

ते आलंच.

दक्षता पथक आधी नालासोपाऱ्याच्या घरी आलं. दोन अधिकारी होते, बोलायला सौम्य. आईने चहा केला. त्यांच्याकडे छापील प्रश्नावली होती. कुलदैवत कोणतं? मी सांगितलं, घरात हिरवा आहे, हिमाय, नारनदेव, वाघदेव, शेताची कणसरी. देव दाखवा म्हणाले. देव पाड्यावर काकाकडे आहेत, मोठ्या घरात असतात, आम्ही इथे फ्लॅटमध्ये आणलेले नाहीत. लग्न कोण लावतं? धवलेरी लावते, बाई असते. भिंतीवर काय काढतात? सवासिणी चौक काढतात, त्यात पालघट देवी. इथवर ठीक चाललं होतं. मग विचारलं: धवलेरीचं गाणं म्हणून दाखवा. मला येत नव्हतं. आईलाही सगळं येत नाही, ते धवलेरीलाच येतं, शिकून येतं. मयताच्या वेळचे विधी क्रमाने सांगा. मी घरातल्या दोन मयतांना होते, पण लहान होते. नवं भात आल्यावर कोणता देव आधी, कोणता नंतर? तारपा वाजवायला कधी सुरुवात करतात? घर कशाचं असतं? मी म्हटलं, आजीचं कारवीच्या कुडाचं होतं, काकाचं घरकुलातलं सिमेंटचं आहे. त्यांनी लिहून घेतलं.

पथकातले अधिकारी पाड्यावर गेले तेव्हा काकाचा फोन आला. देवाचा फोटो पाहिजे म्हणत होते, तर काकाने नकार दिला होता. काम नसताना हिरवा बाहेर काढत नाहीत. काका मला म्हणाला, “बाय, तुझं नुकसान तर नाही ना केलं मी?” मी म्हटलं नाही काका, बरोबर केलंस. मनात भीती होतीच.

समितीकडून नोटीस आली, सोबत दक्षता अहवालाची प्रत. दोन मुद्दे होते. एक, १९५० पूर्वीचा एकमेव पुरावा सध्याच्या गुजरात राज्यातला असून त्यातील व्यक्तीचे नाव नमूद नाही. दोन, अर्जदाराचे राहणीमान शहरी असून जमातीच्या चालीरीतींची माहिती अपुरी आहे, आप्तभाव सिद्ध होत नाही. लेखी खुलासा द्यावा.

दुसरा मुद्दा वाचून मला जे झालं ते राग या शब्दात बसत नाही. बाबा मालाडच्या चाळीत राहिले ते तिथल्या लोकांनी ‘आदिवासी’ म्हणून खोली नाकारू नये यासाठी बोली दाराआड ठेवून. घरात आम्ही वारली बोलायचो आणि कुणी दार वाजवलं की आई वाक्याच्या मध्येच भाषा बदलायची. शाळेत स्नेहसंमेलनाला वर्गाबाहेरची भिंत गेरू आणि पांढऱ्या रंगाने रंगवली जायची, तारपा नाचाचा गोल असायचा. वारली चित्र आता स्टेशनात, हॉटेलात, कुर्त्यांवर सगळीकडे आहे. जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं, या गोष्टींचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या मुलांमध्ये एक वारली आहे हे कुणाला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं, कारण तेवढ्या वयातही त्याचे परिणाम माहीत होते. शहराने आमच्याकडून जे झाकून घेतलं, तेच उघडं दिसत नाही म्हणून सरकार आम्हाला आमचं नाही म्हणत होतं.

त्याच आठवड्यात वॉर्डात मोखाड्याकडची एक बाई दाखल झाली. बाळंतपणानंतर रक्तस्राव, खालून वर अशा तीन दवाखान्यांतून पाठवलेली. सोबत फक्त सासू. नोंदीवर लिहिलं होतं: पेशंट सहकार्य करत नाही. ती सहकार्य करत नव्हती कारण तिला काय विचारतायत ते कळत नव्हतं, आणि तिच्या अंगाला न विचारता हात लावला जात होता. मी तिच्याशी आमच्या बोलीत बोलले. आधी ती बघतच राहिली. मग तिने विचारायला सुरुवात केली: कुठला पाडा, बाप कोण, आईचं माहेर कुठलं, मामा काय करतो. मी सांगत गेले. तिसऱ्या-चौथ्या नावाला सासू मध्येच बोलली, त्यांच्यात आमची मुलगी दिली आहे. त्यानंतर सुईसाठी बाईने स्वतः हात पुढे केला. हॉस्पिटलच्या त्या कॉटवर तिने माझी जी पडताळणी केली, तिला मी आप्तभाव म्हणेन. तिने मला गाणं म्हणून दाखवायला सांगितलं नाही.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. पडताळणीच नको, असं मी म्हणत नाही. खोट्या दाखल्यांवर आमच्या जागा किती गेल्या याचा हिशेब आदिवासी घराघरांत होतो. २०१७ साली जगदीश बहिरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही. तरी अशा लोकांना राज्याने अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पदांवर ठेवून घेतलं आणि रिक्त झालेल्या जागांवर आदिवासी मुलांना घ्या म्हणून मोर्चे काढावे लागले. त्या मोर्चात माझा चुलतभाऊ होता. म्हणून तपासणी हवी, कडक हवी. पण पुस्तकं वाचून धवलेरी, कणसरी, पालघट पाठ करणं कुणालाही जमतं. खोटा माणूस तर तयारी करूनच येतो. प्रश्नावलीत अडकतो तो मालाडच्या चाळीत वाढलेला खरा. तपासायचंच असेल तर सरकारने स्वतःच्या अभिलेख कक्षांत वाळवी खात असलेल्या वह्या तपासाव्यात, त्या स्कॅन कराव्यात, मोडी वाचणारी माणसं नेमावीत. आमचा पुरावा त्यांच्याच कपाटात आहे.

खुलासा लिहायला मदत केली ती कायद्याचं शिकणाऱ्या पालघरच्या एका मुलाने. त्याने मला दोन निकाल वाचायला लावले. आनंद विरुद्ध समिती या २०११ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की स्थलांतर, आधुनिकीकरण आणि इतर समाजांशी संपर्क यामुळे जमातींच्या लोकांत नव्या गोष्टी येतात, त्या जुन्या वर्णनाशी जुळतीलच असं नाही. पुढे २४ मार्च २०२३ रोजी ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नाही, कागदपत्रांच्या पुराव्यासोबत तिच्याकडे पाहायचं, एकटी तीच धरून दावा फेटाळता येणार नाही. मोठ्या शहरात अनेक वर्षं राहणाऱ्यांबद्दल तो निकाल आहे असं वाटावं इतका मला तो जवळचा वाटला. मी तो रात्रपाळीच्या मधल्या वेळात पेन्सिलीने खुणा करत वाचला.

सुनावणीच्या आधी एप्रिलमध्ये चुलतबहिणीचं लग्न होतं. मी रजा काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत राहिले. सुनावणीसाठी पाठ करायला गेले नव्हते. आईला मी आधीच सांगितलं होतं की आता तिथे मला कुणी काही विचारलं तरी मी जे आहे तेच सांगणार. लग्न मांडवात होतं, डीजे होता, केटररचं जेवण होतं, आणि आतल्या खोलीत ओल्या गेरूच्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने चौक काढत होत्या. धवलेरी भिंतीला टेकून बसली होती आणि बाहेर गाणी वाजत असताना तिचं स्वतःचं चाललं होतं, एका सुरात, न थांबता. मी तिच्या शेजारी बसले. तिने माझ्या हातात पिठाची वाटी दिली आणि काडीने चौकाच्या कडेची नक्षी भरायला सांगितलं. माझ्या रेघा वाकड्या जात होत्या. तिने गाणं न सोडता माझा हात धरून सरळ केला. रात्री जेवताना बायका मला रुग्णालयाबद्दल विचारत होत्या: कुठल्या गोळीने पित्त होतं, सिझेरियन का करतात, रक्त कमी आहे म्हणजे काय. नालासोपाऱ्याची पोर म्हणून कुणी मला बाजूला बसवलं नाही. त्यांना माझं काम हवं होतं. पाड्यावर त्यानंतर मी नेमाने जाते, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासायचं सामान घेऊन, आणि तिथून परतल्यावर मला झोप नीट लागते.

सुनावणी लहानशा खोलीत झाली. समितीचे सदस्य, मी, बाबा आणि आत्या. आत्या तलासरीहून पहाटेच्या गाडीने आली होती, नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली, ओळखपत्राच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. मी ठाणे जिल्ह्याचा १९६० च्या आधीचा तालुकावार नकाशा छापून नेला होता. अध्यक्षांनी विचारलं, नोंदीत मुलीचं नाव नाही, मग ती तुमच्याच घराण्यातली कशावरून? मी म्हटलं, बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव आणि जात वंशावळीशी जुळते, आणि त्या गावात या नावाचा दुसरा माणूस त्या वह्यांत नाही, पथकाने मूळ वही पाहावी. मग त्यांनी आत्याला विचारलं, तुम्हाला बहीण होती का? आत्या म्हणाली, “माझ्या जन्माआधी असेल तर मला कोण सांगणार? आई रडायची कधी कधी, का ते आम्ही विचारत नव्हतो.” एका सदस्याने चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला. आप्तभावावर मी लेखी खुलाशातलंच बोलले, निकालाचे परिच्छेद दाखवले. गाणं मला येत नाही, हेही सांगितलं.

पथक उंबरगावला जाऊन मूळ वही पाहून आलं. लिप्यंतर बरोबर निघालं. त्यानंतर काही आठवड्यांनी वैधता प्रमाणपत्र मिळालं. रुग्णालयाने सेवापुस्तकात नोंद घेतली. बाबांनी प्रमाणपत्राच्या झेरॉक्स काढून आणल्या, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

रक्ताच्या नात्यात एकाला वैधता मिळाली की पुढच्यांना तो मोठा आधार होतो. २०१० च्या अपूर्वा निचळे प्रकरणातल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालामुळे समितीला तो सहसा डावलता येत नाही. म्हणून आता भावाचा, काकाच्या दोन्ही मुलींचा आणि मोर्चातल्या त्या चुलतभावाचा अर्ज मी भरते आहे. वंशावळीच्या नव्या शपथपत्रात आजोबांच्या नावाशेजारी मी एक रेघ जास्त काढली आहे आणि तिथे लिहिलं आहे: बहीण, मृत्यू १९४३, वय २. नोटरीने विचारलं, नाव काय टाकू? मी म्हटलं, वहीत नाही, तसंच ठेवा. काकाच्या धाकटीच्या शाळेच्या रजिस्टरात आडनाव एका अक्षराने चुकलं आहे. ते दुरुस्त करायला सोमवारी मुख्याध्यापकांकडे जायचं आहे.